साडेसहाशे सीसी आणि आदिलाबादचा रस्ता

नागपूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ हिंगणघाट, पांढरकवडा, पाटणबोरी मागे टाकतो, पैनगंगेचा पूल ओलांडतो आणि आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. नदीच्या एका काठाला यवतमाळ, दुसऱ्या काठाला तेलंगणा. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तोच कापूस, तेच सोयाबीन आणि बऱ्याच घरांत तीच मराठी. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. तरी सोयरिकी, बाजारहाट आणि दवाखान्याच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. यातले बरेचसे येणेजाणे आज दुचाकीवर होते, आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांच्या गर्दीत आता अधूनमधून साडेसहाशे सीसीची एखादी स्पोर्ट्स बाइकही दिसते.

ती धाब्यावर थांबली की भोवती जमणाऱ्या पोरांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. किती पळते? आणि ॲव्हरेज किती देते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ज्याला अशी गाडी घ्यायची आहे, आदिलाबादसारख्या गावात ठेवायची आहे आणि पुढची आठ-दहा वर्षे वापरायची आहे, त्याला तेवढ्याने भागणार नाही. त्याने आणखी तीन गोष्टी विचारायला हव्यात. गाडीची ताकद किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळते? इथले ऊन, धूळ आणि चिखल ती कशी सोसते? आणि बिघडली तर दुरुस्त कुठे होते? दोन गाड्यांतला खरा फरक या तीन उत्तरांत असतो, आणि जाहिरातीच्या पानावर त्यांना फारशी जागा मिळत नाही.

मधला वर्ग कसा घडला

मिडलवेट स्पोर्ट्स बाइक म्हणजे एकेकाळी ६०० सीसीची, चार सिलिंडरची गाडी. कावासाकीची जीपीझेड ६०० आर १९८५ मध्ये आली, होंडाची सीबीआर ६०० एफ १९८७ मध्ये आणि यामाहाची आर सिक्स १९९९ मध्ये. शर्यतींच्या सुपरस्पोर्ट वर्गाचे नियमही याच मापाभोवती आखलेले होते, त्यामुळे कंपन्यांची चढाओढ शर्यतीच्या मैदानावर चाले आणि तिथे जे जिंके ते रस्त्यावर विकले जाई. इंजिन लहान आणि फिरकी प्रचंड, अशी या गाड्यांची घडण होती. पुढे युरोपातले धुराचे नियम कडक होत गेले. अति वेगाने फिरणारी इंजिने त्या नियमांत बसवणे खर्चिक ठरू लागले आणि २०२० नंतर आर सिक्सची रस्त्यावरची आवृत्ती युरोपच्या बाजारातून गेली.

तिची जागा वेगळ्या विचाराच्या गाड्यांनी घेतली. दोन किंवा तीन सिलिंडर, ४५० ते ८०० सीसी, हँडल जरा उंच, आणि इंजिनाचा जोर खालच्या-मधल्या आरपीएमकडे सरकवलेला. आज आपण ज्यांना मिडलवेट स्पोर्ट म्हणतो, त्यांतल्या बहुतेक गाड्या याच कुळातल्या आहेत.

भारतातल्या या वर्गाच्या गोष्टीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बजाजने कावासाकीची निंजा २५० आर २००९ मध्ये आणि निंजा ६५० आर २०११ मध्ये भारतात आणली. आयात केलेले सुटे भाग चाकणला जोडून ती ६५० तयार होत असे, आणि मध्यमवर्गीय माणसाने निदान स्वप्न पाहावे अशी मोठी स्पोर्ट्स बाइक इथल्या शोरूममध्ये उभी राहिली. १ एप्रिल २०१७ पासून बजाज आणि कावासाकी यांची विक्रीतली भागीदारी संपली. कावासाकी स्वतःच्या बळावर उभी राहिली. केटीएमची आरसी ३९०ही चाकणचीच. आणि एप्रिलिया या इटालियन कंपनीची आरएस ४५७ तर बारामतीच्या पियाजिओ कारखान्यात तयार होते, तिथूनच जगभर जाते. डिसेंबर २०२३ मध्ये ती ४ लाख १० हजार रुपये एक्स-शोरूम किमतीला भारतात आली. उसाच्या टापूत बांधलेली स्पोर्ट्स बाइक इटलीच्या रस्त्यांवर धावते, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

दोन, तीन की चार सिलिंडर

तुलना इंजिनापासून सुरू करायला हवी. कावासाकी निंजा ६५० आणि होंडा सीबीआर ६५० आर या दोघींचे इंजिन ६४९ सीसीचे आहे. पण निंजात ही जागा दोन सिलिंडरांत वाटली आहे, होंडात चार.

निंजाच्या पिस्टनचा व्यास ८३ मिलिमीटर आणि वरखाली होण्याचे अंतर, म्हणजे स्ट्रोक, ६० मिलिमीटर. होंडाचा व्यास ६७ आणि स्ट्रोक ४६. लहान पिस्टन हलका असतो आणि त्याला दर फेरीत कमी अंतर कापायचे असते, म्हणून तो जास्त वेगाने फिरू शकतो. निंजा ८,००० आरपीएमला ६८ पीएस ताकद देते. त्या वेळी तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६ मीटर असतो. होंडा १२,००० आरपीएमला ९५ पीएस देते, तेव्हा तिच्या पिस्टनचा वेग सेकंदाला १८.४ मीटर असतो. फिरकी दीडपट, पण पिस्टनवरचा ताण त्या मानाने थोडाच जास्त. चार सिलिंडरांचे सगळे कसब यात आहे.

आता टॉर्ककडे पाहू. चाकाला पीळ देणारा जोर म्हणजे टॉर्क, आणि तो जोर किती झपाट्याने वापरला जातो ती ताकद म्हणजे पॉवर. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले साधारण ७,०२०, असे केले की पीएसमधली पॉवर मिळते. हे गणित उलटे करून पाहा. निंजा ८,००० आरपीएमला ६८ पीएस देताना तिचा टॉर्क सुमारे ६० न्यूटन-मीटर असतो. होंडा १२,००० ला ९५ पीएस देताना तिचा टॉर्क सुमारे ५६ भरतो. म्हणजे २७ पीएस जास्त देणाऱ्या गाडीचा पीळ त्या क्षणी कमीच आहे. वरची सगळी कमाई फिरकीची आहे. ती हवी असेल तर इंजिन दहा-बारा हजारांवर फिरवावे लागते. शर्यतीच्या मैदानावर हे रोजचेच. गुडीहत्नूर ते इच्चोडा या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या मागे अडकलेल्या माणसाला तिथवर पोचण्याची गरज क्वचितच पडते.

दोन सिलिंडरांच्या इंजिनातही पोटभेद आहेत. निंजाचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, १८० अंशांचा आहे. एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. दोन्ही एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी पुन्हा वेग घेतात. आरएस ४५७ आणि सुझुकी जीएसएक्स ८ आर यांचा क्रँक २७० अंशांचा आहे. एक पिस्टन टोकाला थांबलेला असतो तेव्हा दुसरा जवळपास पूर्ण वेगात असतो, त्यामुळे क्रँकच्या फिरण्यातले हेलकावे कमी होतात आणि मूठ पिळताना चाकापर्यंत पोचणारा जोर स्वच्छ जाणवतो. स्फोटांमधले अंतरही एकसारखे नसते: २७० अंश, मग ४५०, मग पुन्हा २७०. या इंजिनांचा भरदार, अडखळता वाटणारा आवाज येतो तो यातूनच. ट्रायम्फ डेटोना ६६०च्या तीन सिलिंडरांत दर २४० अंशांना एक स्फोट होतो. दोन सिलिंडरांचा खालचा जोर आणि चार सिलिंडरांची वरची धाव यांच्यामध्ये तिचा स्वभाव बसतो.

आकडा आणि रस्ता

चारपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राने ठरवलेली कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. फेअरिंग, म्हणजे वारा कापणारे बाहेरचे आवरण, असलेली मिडलवेट आणि तिच्यावर एक माणूस, सपाट रस्त्यावर ८० चा वेग टिकवायला दहा पीएससुद्धा लागत नाहीत. निंजा ६५० त्या वेळी सहाव्या गिअरमध्ये चार हजार आरपीएमच्या आतच फिरत असते. उरलेले ५८ पीएस नुसते हाताशी असतात.

वेग वाढला की हिशोब झपाट्याने बदलतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. म्हणून ४५ पीएसची गाडी आणि ९५ पीएसची गाडी यांच्या कमाल वेगांत दुपटीचा फरक पडत नाही; तो बराच कमी असतो. वरच्या पट्टीत जादा ताकदीचा मोठा हिस्सा हवाच खाते.

मग एवढी ताकद घ्यायची कशाला? ओलांडण्यासाठी आणि चढासाठी. कापसाने भरून दोन्ही बाजूंना फुगलेला ट्रक पुढे आहे, वेग ६०, मागे सामान किंवा जोडीदार बसला आहे, आणि मोकळी जागा थोडी आहे. तेव्हा गाडी तीन-साडेतीन हजारांपासून सात हजारांपर्यंत कशी ओढते, यावर सगळे अवलंबून असते. दोन सिलिंडरांची गाडी आहे त्या गिअरमध्ये किंवा एक गिअर खाली घेऊन हे काम करते. चार सिलिंडरांच्या गाडीला दोन गिअर खाली यावे लागते. मग ती सुंदर पळते, पण त्यासाठी पायाची आणि डोक्याची तयारी लागते. जैनद, बेला, तलमडगूकडे जाणाऱ्या दुपदरी रस्त्यांवर, जिथे वळणामागून बैलगाडी निघेल की शेळ्यांचा कळप ते सांगता येत नाही, तिथे खालच्या आरपीएमला शांतपणे ओढणारे इंजिन माणसाला कमी थकवते.

तराजूत पाच गाड्या

वजन आणि ताकद एकत्र पाहिली की प्रत्येकीचे रूप स्पष्ट होते.

आरएस ४५७ ही सगळ्यांत हलकी, इंधनासह १७५ किलो. ताकद ४७.६ पीएस. हे दोन आकडे अपघाताने आलेले नाहीत. युरोपात नवशिक्यांच्या पुढच्या पायरीचा ए टू नावाचा परवाना आहे. त्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॉटची, म्हणजे ४७.६ पीएसची गाडी चालते, आणि दर किलो वजनामागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. ३५ भागिले ०.२ म्हणजे बरोबर १७५. नियमाच्या दोन्ही रेघांना चिकटून बांधलेली ही गाडी आहे, म्हणून तिच्या वर्गात ती इतकी चपळ वाटते. पहिली मोठी गाडी घेणाऱ्याने तिचा विचार आधी करावा.

निंजा ६५० चे वजन १९६ किलो, टॉर्क ६,७०० आरपीएमला ६४ न्यूटन-मीटर, टाकी १५ लिटरची. लिटरला २०-२२ किलोमीटर धरले तरी एका टाकीत आदिलाबाद ते हैदराबाद, सुमारे ३०० किलोमीटर, पार होते. हँडल फार खाली नाही, मागचा टायर १६० रुंदीचा. या यादीतली ती सर्वांत भडक गाडी नाही, पण रोज वापरायला सर्वांत समजूतदार आहे.

सुझुकी जीएसएक्स ८ आर ऑक्टोबर २०२४ मध्ये ९ लाख २५ हजारांना भारतात आली. ७७६ सीसी, ८३ पीएस, ७८ न्यूटन-मीटर, वजन २०५ किलो. या पाचांत मधल्या आरपीएमची सर्वांत दमदार ओढ हिची. दोघे बसून आणि सामान बांधून लांबचे पल्ले मारणाऱ्यासाठी ती उत्तम आहे.

डेटोना ६६० ऑगस्ट २०२४ मध्ये ९ लाख ७२ हजारांना आली. ९५ पीएस, ६९ न्यूटन-मीटर, २०१ किलो. महामार्गावर सौम्य आणि निर्मळकडे उतरणाऱ्या महबूब घाटासारख्या वळणांवर तरतरीत, असा तिचा बाणा.

सीबीआर ६५० आर, २११ किलो, ९५ पीएस. चार सिलिंडरांचा रेशमी आवाज आणि दहा हजारांच्या वरची धाव ज्याच्या मनात लहानपणापासून घर करून आहे, त्याला दुसरी कुठलीही गाडी समाधान देणार नाही. हाही खरेदीचा प्रामाणिक निकष आहे. फक्त त्या आनंदाची किंमत पुढे देखभालीत मोजावी लागते, हे आधी ठाऊक असावे.

ऊन, धूळ आणि काळी माती

आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो आणि इथला हिवाळा तेलंगणातल्या सर्वांत थंड हिवाळ्यांपैकी असतो. या टोकांचा इंजिनावर होणारा परिणाम समजून घेण्यासारखा आहे.

रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती आतल्या कूलंटच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानांतल्या फरकावर. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. हवा ४५ अंशांवर गेली की फरक ५० उरतो, म्हणजे तोच रेडिएटर जवळपास तीस टक्के कमी काम करतो. धावत्या गाडीला हे जाणवत नाही, कारण हवेचा झोत भरपूर असतो. गावातल्या गर्दीत, रेल्वे फाटकावर, लग्नाच्या वरातीमागे मात्र पंखा सतत फिरू लागतो आणि गरम हवा थेट मांड्यांवर येते. अशा वेळी इंजिन बंद करणे शहाणपणाचे. कूलंट कमी झाले म्हणून बोअरचे पाणी ओतू नये. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्रास देतात. कंपनीने सांगितलेलेच कूलंट वापरावे, ते ठरलेल्या मुदतीत बदलावे, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले द्रव दाबाखाली असते. उसळून हात-तोंड भाजते.

मार्च ते मे धूळ, जूनपासून चिखल. काळ्या मातीचा चिखल चिकट असतो. महामार्गाला मिळणाऱ्या प्रत्येक पांदणीतून तो ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येतो, आणि पहिल्या सरीनंतर तो पट्टा साबणासारखा निसरडा होतो. चौकात तिरके होऊन वळण्याची हौस तिथे दाबलेली बरी. हाच चिखल चेनमध्ये जाऊन वाळला की दाते झिजवतो. चेन दर पाच-सहाशे किलोमीटरला साफ करून वंगण द्यावे, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. साफ करायला चेनसाठीचे द्रव किंवा रॉकेल चालते, पेट्रोल नको. ते चेनमधल्या रबरी कड्या खराब करते. ताण पुस्तिकेत दिला आहे तेवढाच ठेवावा, ओढून घट्ट केलेली चेन बेअरिंग खाते. एअर फिल्टर कंपनीने दिलेल्या मुदतीच्या आधीच पाहावा, कारण ती मुदत स्वच्छ रस्त्यांचा अंदाज धरून लिहिलेली असते. खेड्यातल्या उंच गतिरोधकांकडेही लक्ष हवे: निंजाच्या पोटाखाली जेमतेम १३० मिलिमीटर जागा आहे.

पेट्रोलचेही पाहू. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पावसाळ्यात अर्धवट टाकीने महिनोन् महिने उभी ठेवलेली गाडी मग सुरू होताना कुरकुरते. जुनी गाडी घेताना ती या पेट्रोलसाठी बनलेली आहे का, हे पुस्तिकेत जरूर पाहावे.

दुरुस्ती, कागद आणि खर्च

आदिलाबादचे मिस्तरी हुशार आहेत. पंक्चर, चेन, ब्रेक पॅड, तेल ही कामे इथे होतात. पण इंजेक्शनमधला बिघाड संगणक लावून शोधणे, व्हॉल्व्हचे अंतर तपासणे यासाठी अधिकृत कारखाना लागतो, आणि तो नागपूरला, सुमारे २०० किलोमीटरवर, किंवा हैदराबादला, ३०० किलोमीटरवर. दिलासा एवढाच की महामार्गाच्या टोलवर दुचाकीला पैसे पडत नाहीत. आणि हेही ध्यानात ठेवावे की नागपूरहून पुढे मुंबईकडे जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, मग ती कितीही सीसीची असो.

कारखान्याच्या या अंतरामुळे इंजिनाची रचना थेट खिशाशी येऊन भिडते. दोन सिलिंडरांत आठ व्हॉल्व्ह, तिनात बारा, चारात सोळा. प्रत्येकाचे अंतर मोजायचे आणि गरज पडल्यास कॅमशाफ्ट काढून लहानशी चकती बदलायची. प्लगही दोनाऐवजी चार, आणि तिथवर पोचायला टाकी, फेअरिंग उतरवायची. १८० रुंदीचा मागचा टायर १६० पेक्षा महाग असतो. वेगळाल्या पावत्यांत विभागलेला हा खर्च पाच वर्षांत ठसठशीत होतो.

कंपनीच टिकेल का, हाही प्रश्न आहे. पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सने बेनेलीची टीएनटी ६०० आय २०१५ मध्ये भारतात आणली. चार सिलिंडर, ८५ पीएस आणि मोहून टाकणारा आवाज. बऱ्याच जणांनी हौसेने घेतली. पुढे डीएसके समूह आर्थिक संकटात सापडला आणि २०१८ मध्ये बेनेलीने हैदराबादच्या महावीर समूहातल्या आदीश्वर ऑटो राइड इंडियाशी नवा करार केला. गाडी तीच, पण ती सांभाळणारे हात बदलले. म्हणून शोरूममध्ये चकचकीत गाडी पाहताना तिचे सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे त्या गाडीच्या जुन्या मालकांना विचारावे. शोरूममध्ये नको; सर्व्हिसिंगच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारावे. तो खरे सांगतो.

कागदांचे कामही सीमेवरच्या माणसाने नीट समजून घ्यावे. किनवटच्या मामांच्या नावावर गाडी घेऊन आदिलाबादला चालवायची, असे विचार इकडे सहज होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि त्याआधी मूळ ठिकाणचे ना-हरकत पत्र. रस्ता कर पुन्हा भरायचा आणि आधीच्या राज्याकडून परतावा मागत बसायचे, हा वेळखाऊ व्यवहार आहे. राहता त्या राज्यातच नोंदवावी. आदिलाबादची एपी ०१ ही पाटी तेलंगणा राज्य झाल्यावर टीएस ०१ झाली आणि मार्च २०२४ पासून टीजी ०१. जुन्या पाट्या तशाच चालतात.

करांची रेघ ३५० सीसीवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. आधी मोठ्या गाड्यांवर उपकरासह ३१ टक्के होता, म्हणजे मूळ किंमत तीच धरली तरी मिडलवेट जवळपास सात टक्क्यांनी महागली. विम्यात २०२२ मध्ये ठरलेला ३५० सीसीवरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २,८०४ रुपये, आणि नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. खरा भार स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा. उभी गाडी नुसती आडवी झाली तरी फेअरिंग, आरसा, लिव्हर यांचा खर्च मोठा होतो, म्हणून झीज-वजावट न करणारी पॉलिसी पहिली काही वर्षे घ्यावीच.

परवाना आणि चालक

आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झाली की गिअरच्या दुचाकीचा एकच परवाना मिळतो. त्यावर शंभर सीसीची गाडी चालते आणि हजार सीसीचीही. युरोपातल्या पायऱ्या इथल्या कायद्यात नाहीत. त्या स्वतः घालून घ्याव्या लागतात, आणि घरच्यांनीही त्यांचा आग्रह धरावा. दीडशे-दोनशे सीसीवर दोन-तीन पावसाळे काढल्याशिवाय मिडलवेटवर बसू नये, असे मी प्रत्येक तरुणाला सांगेन.

थांबण्याच्या अंतराचे गणित पाहिले की यामागचे कारण कळते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक धरले, तर ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला सुमारे ५७ मीटर लागतात. १२० वरून सुमारे ११२. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. ओल्या काळ्या मातीवर दोन्ही आकडे आणखी वाढतात. एबीएस चाक अडकू देत नाही, पण रस्त्यावर नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही. आणि या टापूत रात्री रस्त्यावर काय येईल याचा नेम नाही. रानडुक्कर, नीलगाय, मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर. एका बाजूला कवाल व्याघ्र प्रकल्प, दुसऱ्या बाजूला टिपेश्वर अभयारण्य. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून इकडे येतात. अंधार पडल्यावर हेडलाइटच्या झोतात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा.

पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. उन्हाळ्यात जॅकेट नको वाटते, पण हवा ४४ अंशांची असताना वारा अंग थंड करत नाही, शरीरातले पाणी पळवतो. जाळीदार जॅकेट, आत ओला केलेला सुती बनियन आणि तासाभराने पाण्यासाठी थांबणे, हे उघड्या अंगाने जाण्यापेक्षा सुखाचे असते.

आता निवड. पहिली मोठी गाडी, बरीच फिरती गावातली आणि आसपासच्या तालुक्यांतली असेल तर आरएस ४५७. महिन्यातून नागपूर-हैदराबाद आणि बाकी दिवस कामाला, तर निंजा ६५०. जोडीदारासह लांबचे पल्ले असतील आणि खिसा साथ देत असेल तर जीएसएक्स ८ आर. वळणांची ओढ असेल तर डेटोना. चार सिलिंडरांचेच वेड असेल तर सीबीआर, पण वर्षातून ठरल्या वेळी नागपूरची फेरी मारण्याची तयारी ठेवून. यापैकी कुठलीही गाडी ८० च्या वेगाला आपल्या ताकदीचा लहानसा भागच वापरते. म्हणून ताकदीचा आकडा शेवटी पाहावा. आधी आपला रस्ता, मग कारखान्याचे अंतर, मग स्वतःची तयारी. या क्रमाने निवडलेली गाडी दहा वर्षांनीही हौसेने पुसावीशी वाटते, आणि माझ्या लेखी चांगल्या निवडीची दुसरी कसोटी नाही.